हवेचा बंदोबस्त

वडीगोद्रीच्या शिवारात चैत्र-वैशाखाच्या दिवसांत एखाद्या कास्तकाराच्या घरी गेले, म्हणजे एकाच छपराखाली वाऱ्याविषयी दोन परस्परविरुद्ध धोरणे सुखाने नांदत असलेली दिसतात. बाहेर अंगणात वाकळा, घोंगड्या आणि ठेवणीतली लुगडी अशी पसरलेली असतात की उन्हाने आणि वाऱ्याने त्यांचा धागा न् धागा शोधावा. आणि आत माजघरात ज्वारीच्या कणगीचे तोंड शेणमातीने असे लिंपून घेतलेले असते की तेथे मुंगीलाही वाट मिळू नये. घरातील वडीलधाऱ्या बाईला याचे कारण विचारले तर ती फार विस्ताराने सांगणार नाही, कारण ते सांगण्याचा प्रसंग तिच्यावर कधी आलेलाच नसतो. परंतु कपडे, प्रवासाचे सामान आणि स्वयंपाकघरातला साठा या वरकरणी निराळ्या दिसणाऱ्या तीन खात्यांचा कारभार ती एकाच तत्त्वावर चालवीत असते. हवा कोठे खेळू द्यावी आणि कोठे तिला मज्जाव करावा, याचा निर्णय त्या त्या वस्तूचा स्वभाव पाहून करावा, हे ते तत्त्व. या प्रकरणात पुढे येणाऱ्या सूचना या एका निर्णयातूनच निघालेल्या आहेत, आणि म्हणून त्या सुट्या सुट्या पाठ करण्यापेक्षा त्यांच्यामागचे कारण समजून घेणे मला अधिक अगत्याचे वाटते.

वडीगोद्री हे गाव अंबड तालुक्यातले. सोलापूर–धुळे महामार्ग गावावरून जातो, जालन्याहून अंबडमार्गे येणारी सडक त्याला येथेच मिळते, आणि दक्षिणेस शहागडला गोदावरी ओलांडली की बीड जिल्हा लागतो. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता. पुढे तो औरंगाबाद जिल्ह्यात राहिला, आणि १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा निराळा झाला तेव्हा त्यात आला. अंमल बदलले आणि जिल्हे बदलले, तरी हवामानाचा दस्तूर मात्र तोच राहिला. मार्चपासून मेअखेरपर्यंत पारा चढत जाऊन चाळीस अंशांपलीकडे पोहोचतो आणि हवा इतकी कोरडी होते की धुतलेले धोतर दोरीवर टाकून माणूस जेवायला बसला, तर हात धुऊन येईतो ते वाळलेले असते. आणि त्यानंतर मृगापासून हस्तापर्यंत तीच हवा ओलसर, जड आणि कोंदट होते. वर्षाचा पाऊस सहाशे-सातशे मिलिमीटरांच्या आसपास, म्हणजे कोकणाच्या मानाने अल्पच. परंतु धान्याला कीड लागण्यासाठी पावसाचा आकडा मोठा असावा लागत नाही, हवेतला दमटपणा पुरतो. ज्याने कोरड्या महिन्यांत घर आवरून घेतले त्याचे ओले महिने निभावले, असा या प्रदेशातील गृहव्यवस्थेचा क्रम आहे.

प्रथम अंगावरच्या वस्त्रांविषयी. उन्हाळ्यात शरीर थंड राहते ते घाम सुटल्याने नव्हे, घाम वाळल्याने. एक लीटर घाम कातडीवरून वाफ होऊन गेला तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता आपल्याबरोबर नेतो. तोच घाम थेंब होऊन जमिनीवर गळाला तर शरीराला त्याचा काहीही उपयोग होत नाही, उलट पाण्याचा आणि मिठाचा तोटा मात्र होतो. म्हणून उन्हाळी कपड्याची कसोटी अशी, की तो घाम शोषून घेतो काय आणि तो वाळावा एवढा वारा आत येऊ देतो काय. मध्यम दमट हवेत सुताचा धागा आपल्या वजनाच्या आठ टक्क्यांच्या आसपास ओलावा धरून ठेवतो, लोकरीचा धागा सोळा टक्क्यांपर्यंत. पॉलिएस्टरचा धागा अर्धा टक्कासुद्धा धरीत नाही. पॉलिएस्टरचा सदरा लवकर वाळतो, त्याला इस्त्रीची मिनतवारी लागत नाही, आणि स्वस्त असल्यामुळे तो आता बाजाराच्या प्रत्येक पालावर मिळतो. परंतु भर उन्हात औत हाकणाऱ्या किंवा कापूस वेचणाऱ्या माणसाच्या अंगावर घट्ट विणीचा तसा सदरा पाहिला की मला फार हळहळ वाटते, कारण ज्या कपाशीच्या रानात तो उभा असतो तिचेच सूत त्याच्या अंगावर असायला हवे होते.

सुताइतकेच महत्त्व सैलपणाला आहे. जुन्या माणसांचे मांजरपाटाचे पैरण, ढगळ बंडी, पायाभोवती मोकळे राहणारे धोतर आणि डोक्यावरचा अनेक वेढ्यांचा पटका यांत कातडी आणि कापड यांच्यामध्ये हवेचा एक थर सतत हलत राहतो. पांढरा रंग ऊन परतवतो हे तर खरेच आहे. परंतु रंगापेक्षाही हा हलता थर किती मोलाचा आहे, याची साक्ष फार दूरच्या वाळवंटातून मिळते. तेथील बेदुइन लोक रणरणत्या उन्हात काळे पायघोळ झगे घालतात, ते का, असा प्रश्न काही शास्त्रज्ञांनी घेतला आणि त्याचे उत्तर १९८० साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले: काळा झगा पांढऱ्यापेक्षा अधिक तापतो हे निर्विवाद, परंतु झगा सैल असल्यामुळे ती जादा उष्णता कातडीपर्यंत पोहोचण्यापूर्वीच वाऱ्याबरोबर निघून जाते. तेव्हा उन्हात जाताना अंग उघडे टाकण्यापेक्षा ते सैल सुती कापडाने पूर्ण झाकणे हितावह, डोके आणि कान अवश्य बांधावेत, आणि कपडा शिवताना बगलेत व पाठीवर शिंप्याला दोन बोटे जास्त ठेवायला सांगावे. उसाच्या फडात काम करणाऱ्या बाया लुगड्यावर घरधन्याचा पूर्ण बाह्यांचा जुना सदरा चढवतात, तो पाचटाच्या धारेने हात चिरू नयेत म्हणून. पण तो सुती आणि ढगळ असल्यामुळे उन्हापासूनही त्यांचा बचाव होतो, आणि कामाच्या गरजेतून निघालेला हा पोशाख कोणत्याही तज्ज्ञाने सुचवलेल्या पोशाखापेक्षा मला कमी वाटत नाही.

ठेवणीतल्या कपड्यांना मात्र थोडे निराळे वागवावे लागते. पेटीत ठेवायचा कपडा खळ काढून, धुऊन आणि पुरता वाळवून ठेवावा, कारण खळ हे कसरीचे अन्न आहे, आणि घामाचा किंवा तेलकट हाताचा डाग राहिला तर कीड नेमकी तेथेच बसते. पैठण येथून जवळ असल्यामुळे या भागातील लग्नघरांतून एखादी पैठणी असतेच. ती स्वच्छ सुती फडक्यात गुंडाळावी, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नये, दोन-चार महिन्यांनी उलगडून घडीची जागा बदलावी म्हणजे जर एकाच रेषेवर मोडत नाही, आणि डांबराच्या गोळ्या जरीला लागतील अशा ठेवू नयेत. घोंगडी व लोकरीची वस्त्रे पावसाळ्यापूर्वी एकदा कडक उन्हात झटकून घ्यावीत.

आता धान्याकडे वळू. या विषयातील सर्वांत मोठे शहाणपण याच खात्यात साठलेले आहे.

ज्वारी, गहू किंवा तूर यांचा दाणा मेलेला नसतो. तो झोपलेला असतो, आणि झोपेतही मंद श्वास घेत असतो. दाण्यात ओलावा जितका अधिक तितका हा श्वास जोरात चालतो, त्यातून उष्णता निघते, आणि ओलावा व उष्णता एकत्र आली की बुरशी आणि टोके या दोघांनाही आमंत्रण मिळते. ओलावा बारा टक्क्यांच्या खाली आणला तर बुरशीचे भय बहुतांशी टळते, आणि तो नऊ-दहा टक्क्यांपर्यंत उतरला तर टोक्यांची वीण जवळजवळ थांबते. घरात ओलावा मोजण्याचे यंत्र नसते, पण दात असतात: नीट वाळलेला दाणा चावला असता ‘कट्’ असा आवाज करून दुभंगतो, ओला दाणा दाताखाली चेपतो. धान्य दोन-तीन कडक उन्हे देऊन वाळवावे हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्यापुढची गोष्ट, जी माझ्या मते अधिक महत्त्वाची आहे, ती पुष्कळांच्या लक्षात येत नाही. उन्हातून उचललेले गरम धान्य तसेच कोठीत भरून झाकण लावले, तर रात्री कोठीचा पत्रा थंड होतो, आतल्या उष्ण हवेतली वाफ त्याला लागून दवासारखी ओघळते, आणि दोन दिवस खपून वाळवलेले धान्य आपल्याच वाफेने वरच्या थरात ओले होते. म्हणून वाळवलेले धान्य सायंकाळी सावलीत आणावे, रात्रभर पातळ पसरून निववावे, आणि सकाळी, दव वाळल्यावर, भरावे. भाकरीचेही असेच आहे. तव्यावरून काढलेली भाकरी गरम असतानाच डब्यात कोंडली तर दुसऱ्या दिवशी ती चिकट होते.

धान्य असे निवले, की मग हवेला मज्जाव. जुन्या काळी मोठ्या वाड्यांतून यासाठी पेव असे. काळ्या रानात पेव टिकत नाही. त्याला पांढरीची किंवा मुरमाड, उंचवट्याची आणि पाणी न मुरणारी जागा लागते. जमिनीत खोल खड्डा खणून, त्याच्या तळाला आणि भोवताली कडबा लावून, आत ज्वारी भरीत आणि तोंड दगड-मातीने बंद करीत. आणि दुष्काळाच्या वर्षी ते उघडीत. बंद पेवात दाण्यांचा आणि चुकून आत राहिलेल्या किड्यांचा श्वास आतला प्राणवायू हळूहळू संपवतो, कर्बवायू साठतो, आणि त्यातच किडे गुदमरून मरतात. म्हणजे धान्याचे रक्षण करण्यासाठी काहीही घालावे लागत नाही, फक्त बाहेरची हवा आत येऊ न देणे पुरते. याच कारणाने पेव उघडल्याबरोबर आत उतरणे प्राणघातक असते. तोंड उघडून पुष्कळ वेळ वारा खेळू द्यावा, जळता दिवा दोरीने खाली सोडून पाहावा, आणि तो विझला तर कोणीही पाय ठेवू नये, असा दंडक होता. आणि दिवा जळत राहिला तरी माणूस एकटा उतरत नसे.

हेच तत्त्व १९८० च्या दशकाच्या अखेरीस आफ्रिकेतील कॅमेरून देशात, पर्ड्यू विद्यापीठातील लॅरी मर्डॉक या कीटकशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी, चवळी साठवण्यासाठी पुन्हा उपयोगात आणले. प्लॅस्टिकच्या दोन जाड पिशव्या एकात एक घालून, त्यांच्यावर विणलेली तिसरी गोणी चढवून, प्रत्येकीचे तोंड निराळे आवळून बांधावयाचे, एवढीच त्यांची युक्ती. तीत पेवाचे सारे काम होते. आपल्याकडेही हवाबंद पिशव्या आता मिळू लागल्या आहेत, आणि ज्या घरात पेव नाही व कणगीला जागा नाही तेथे त्यांचा अवश्य उपयोग करावा. मात्र पिशवी असो की पत्र्याची कोठी, ती काठोकाठ भरावी, कारण वर मोकळी राहिलेली हवा म्हणजे किड्यांसाठी शिल्लक ठेवलेला शिधाच होय; आणि रोजच्या वापराचे धान्य निराळ्या लहान डब्यात काढून ठेवावे, म्हणजे मोठ्या साठ्याचे तोंड वारंवार उघडावे लागत नाही. पोती ठेवावयाची तर ती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर ठेवावीत आणि भिंतीपासून हातभर दूर राखावीत, म्हणजे ओल लागत नाही आणि मागे उंदराने भोक पाडले तर ते दिसते.

कडधान्यांची तऱ्हा आणखी निराळी आहे. तूर, मूग, चवळी यांवर पडणारा भुंगा आपली अंडी दाण्याच्या सालीवर चिकटवतो, आणि अंड्यातून निघालेली अळी साल पोखरून आत शिरते. दाण्यांना एरंडेलाचा किंवा गोड्या तेलाचा हात चोळण्याची जी चाल आहे, तिचे मर्म यात आहे: तेलाच्या पातळ थराखाली त्या अंड्यांना श्वास मिळत नाही, आणि भुंग्यालाही निसरड्या सालीवर अंडी घालणे जड जाते. किलोभर दाण्यांना चहाचा चमचाभर तेल पुरते. त्याहून अधिक लावले तर वास येऊ लागतो. अख्ख्या दाण्यापेक्षा भरडलेल्या, साल काढलेल्या डाळीला हा भुंगा कमी लागतो, म्हणून हंगाम संपताच डाळ करून ठेवणाऱ्या बाया अर्धी चिंता आधीच मिटवितात. बियाण्यासाठी ठेवायच्या दाण्यांत गोवरीची चाळलेली राख मिसळतात. राखेचे बारीक कण किड्याच्या अंगावरचे मेणचट आवरण घासून काढतात आणि तो वाळून मरतो, शिवाय दाण्यांमधल्या फटी भरल्यामुळे त्याला हिंडायलाही जागा उरत नाही. कडुनिंबाचा पाला घालावयाचा तर सावलीत पूर्ण वाळवून घालावा. हिरवा पाला घातला तर कीड हटण्याऐवजी धान्यात ओल शिरते.

बाजारात मिळणाऱ्या विषारी गोळ्यांबद्दल मात्र मी अत्यंत स्पष्ट शब्दांत लिहितो. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतून हवेतल्या ओलाव्याबरोबर जो वायू निघतो, तो टोक्यांइतकाच माणसालाही मारतो. त्या सरकारी आणि व्यापारी कोठारांसाठी, जाणकार माणसाच्या देखरेखीखाली वापरायच्या आहेत. ज्या घरात माणसे निजतात त्या घरातल्या धान्यात त्या कदापि घालू नयेत, मग कोणी कितीही खात्री देवो. पाऱ्याच्या गोळ्यांविषयीही माझे मत तेच आहे. वाळवलेले आणि बंद ठेवलेले धान्य विषाशिवाय वर्ष काढते.

स्वयंपाकघरातील बाकीचे जिन्नस थोडक्यात. कांदा, बटाटा आणि लसूण हे दाण्यांसारखे झोपलेले नसून पुरते जागे असतात आणि त्यांचा श्वास मोठा असतो, म्हणून त्यांना कोंडू नये: कांदा जाळीच्या टोपलीत पातळ पसरून, लसूण वेणी घालून आढ्याला टांगून, आणि बटाटा अंधारात, कारण उजेडात तो हिरवा पडतो आणि तो हिरवा भाग खाण्यास अपायकारक असतो. बाजरीचे पीठ आठ-दहा दिवसांतच कडवट होऊ लागते, तेव्हा ते लागेल तसे दळावे. हा दोष दळणाऱ्याचा नसून दाण्यातल्या स्निग्धांशाचा आहे. करडईचे तेल हवा आणि उजेड लागून लवकर खवट होते, म्हणून ते लहान तोंडाच्या भांड्यात, चुलीपासून दूर ठेवावे. गूळ मृगाआधीच घट्ट झाकणाच्या डब्यात जावा, एरवी तो आषाढात पाझरू लागतो. तिखटाच्या बरणीत हिंगाचे दोन-तीन खडे आणि मिठाचा एक थर असावा. लोणच्यावर तेल चांगले दोन बोटे उभे राहावे, बरणीच्या तोंडाला स्वच्छ कोरडा दादरा बांधावा, आणि ज्या चमच्याला पाण्याचा थेंब लागला असेल तो तिच्यात जाऊ देऊ नये.

हिरव्या भाजीसाठी घरात शीतयंत्र नसेल तर दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने १९८० च्या दशकात सुचवलेली तजवीज वडीगोद्रीसारख्या कोरड्या हवेच्या गावाला फार सोयीची आहे: विटांच्या दोन भिंतींमध्ये वाळू भरून ती सकाळ-संध्याकाळ भिजवावयाची, वर गवताचे झाकण घालावयाचे, आणि आत भाजी ठेवावयाची. नायजेरियातील मोहम्मद बाह अब्बा या शिक्षकाने हेच काम एका मडक्यात दुसरे मडके ठेवून आणि मध्ये ओली वाळू भरून केले. पाणी उडताना उष्णता नेते, हा रांजणाचाच न्याय. तो वैशाखात चोख चालतो आणि श्रावणात फारसा चालत नाही.

आता प्रवासाच्या सामानाची बांधाबांध. पैठणचे जायकवाडी धरण १९७६ साली पुरे झाले, त्याच्या डाव्या कालव्याचे पाणी तालुक्यात आले, अंकुशनगरला समर्थ सहकारी साखर कारखाना उभा राहिला. तरीही या टापूतील आणि गोदावरीपलीकडच्या बीड जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात आणि पाच-सहा महिन्यांनी परततात. नवराबायकोचा एक कोयता, लहान पोरे, कधी जनावरेही. आणि सारा संसार टायरगाडीत किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. प्रवासाच्या सामानाविषयी जी पुस्तके लिहिली जातात ती सुटी घालवायला निघालेल्यांसाठी असतात, परंतु हा विषय खऱ्या अर्थाने ज्यांच्याकडून शिकावा अशी माणसे ही आहेत, कारण त्यांच्या गाडीत घालायची विसरलेली वस्तू वाटेत विकत घेण्याइतका पैसा कोणाच्या गाठीला नसतो.

त्यांचा पहिला नियम क्रमाचा. मुक्कामावर उतरल्यावर जे सर्वांत आधी लागणार ते सर्वांत शेवटी चढवायचे: कोपी उभी करण्याचे बांबू आणि ताडपत्री, घागर, तवा, परात, काडेपेटी व पहिल्या जेवणाचे पीठ वर, धान्याची पोती आणि ठेवणीतले सामान तळाला. ट्रॉलीचा पत्रा रात्री गार पडून ओल धरतो, म्हणून पोत्यांखाली कडब्याचा थर. दुसरा नियम, रिकामे भांडे रिकामे न्यायचे नाही: हंड्यात पातेले, पातेल्यात डाळीची पुरचुंडी, तिच्याभोवती पोरांचे कपडे; जागा वाचते, भांडी एकमेकांवर आदळून पोचत नाहीत, आणि खडखडाट होत नाही. तिसरा नियम वळकटीचा. आत कपडे, त्यांच्यावर वाकळ, आणि सर्वांत बाहेर घोंगडी. चिंचोक्याची खळ दिलेल्या धनगरी घोंगडीवरून पावसाचा शिडकावा ओघळून जातो, आणि ती बऱ्यापैकी भिजली तरी आतली वाकळ कोरडी राहते. ओला कपडा वळकटीत कधीही घालू नये. तो गाडीच्या बाहेर दोरीला बांधावा, वाटेतच वाळेल. आगगाडीने किंवा एस. टी.ने जाणाऱ्या शहरी प्रवाशाने आपली पेटी भरताना हे तीनही नियम जसेच्या तसे उचलावेत.

वाटेच्या शिदोरीत पाण्याऐवजी दुधात मळलेल्या दशम्या, दह्यात भिजवलेल्या पिठांचे धपाटे, आणि कारळ, जवस किंवा शेंगदाण्याची कोरडी चटणी असते. दशमी दोन दिवस सहज टिकते, परंतु ती पुरती गार झाल्यावर सुती फडक्यात बांधलेली असली तरच. ओली भाजी पहिल्याच जेवणाला संपवावी.

पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखाना बंद होऊन ही कुटुंबे मार्च-एप्रिलमध्ये घरी येतात तेव्हा, गावात रब्बीची नवी ज्वारी नुकतीच मळून झालेली असते, आणि तीच घाईने गाडीतून उतरवलेल्या रिकाम्या पोत्यांत भरली जाते. जुन्या पोत्यांच्या शिवणीत टोके आणि त्यांची पिलावळ दडून बसलेली असते. निरोगी धान्याला कीड लागते ती बहुधा येथूनच. म्हणून पोती प्रथम उलटी करून झाडावीत, उकळत्या पाण्यात बुडवावीत, वैशाखाच्या उन्हात दोन दिवस दोन्ही बाजूंनी तापवावीत, फाटकी असतील ती शिवून घ्यावीत, आणि मगच त्यांच्यात नवा दाणा घालावा. तोपर्यंत ज्वारी ओसरीवर ताडपत्रीवर पसरलेली राहिली तरी तिचे काही बिघडत नाही, चिमण्या राखायला एखादे पोर बसवले म्हणजे झाले.